डॉक्टरांची चिठ्ठी मोबाईलवर आली, पण वाचली कुणी? ई-प्रिस्क्रिप्शन नीट समजून घ्या

"मॅडम, आजी ही गोळी फक्त सोमवारी घेते. मोबाईलवर जे आलंय त्यात रोज सकाळी एक असं लिहिलंय. आता रोज द्यायची का?"

संध्याकाळी सातच्या सुमारास माझ्या आत्याच्या दवाखान्यात हा फोन आला. फोन करणारा मुलगा अकरावीतला, पेशंट त्याची आजी. आत्याने स्क्रीनवर त्या आजींची चिठ्ठी उघडली आणि तिचा चेहराच उतरला. गोळीचं नाव मेथोट्रेक्सेट, ७.५ मिलिग्रॅम. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी झपाट्याने कमी होतात आणि जीवही जाऊ शकतो.

आत्याने त्याला लगेच सांगितलं, "नाही बाळा, फक्त सोमवारीच. बरं झालं फोन केलास." आजींनी नवीन पाकिटातली एकही गोळी घेतली नव्हती, त्यामुळे पुढचं सगळं टळलं.

ही चूक आत्याची कमी आणि माझी जास्त होती. तीन आठवड्यांपूर्वी तिच्या दवाखान्यात ई-प्रिस्क्रिप्शन सुरू करायचं काम मीच केलं होतं. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तिचा छोटा दवाखाना आहे. "तू कॉम्प्युटरचं बघतोस ना, मग ये आणि बसवून दे," असं म्हणून तिने मला बोलावलं होतं. त्या कामात मला जे कळलं ते आज सांगतो. तुमच्या मोबाईलवरही आज ना उद्या अशी चिठ्ठी येणार आहे, आणि घरातल्यांसाठी ती वाचायचं काम बहुतेक तुमच्याकडेच येईल.

ई-प्रिस्क्रिप्शन म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे तीन वेगवेगळ्या गोष्टींना हेच नाव दिलं जातं.

१. चिठ्ठीचा फोटो. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, फोटो काढला आणि व्हॉट्सॲपवर पाठवला. इथे फक्त पोहोचवणं डिजिटल झालं. अक्षर कळत नसेल तर फोटोतही कळणार नाही.

२. टाईप केलेली चिठ्ठी. डॉक्टर सॉफ्टवेअरमध्ये औषध निवडतात, त्याची प्रिंट निघते किंवा पीडीएफ मोबाईलवर येते. आपल्याकडच्या दवाखान्यांत 'ई-प्रिस्क्रिप्शन' म्हणतात ते बहुतेक वेळा हेच.

३. पूर्ण डिजिटल नोंद. यात चिठ्ठी म्हणजे नुसता मजकूर नसतो. औषध, ताकद, किती वेळा, किती दिवस हे सगळं वेगवेगळ्या रकान्यांत साठवलेलं असतं आणि औषध दुकानदाराला ते थेट त्याच्या स्क्रीनवर दिसतं. युरोपातल्या एस्टोनियात २०१० पासून अशी देशभर चालणारी व्यवस्था आहे. पेशंट कोणत्याही औषध दुकानात जाऊन ओळखपत्र दाखवतो, कागद लागत नाही. भारतात सगळ्या मेडिकल दुकानांना जोडणारी अशी एकच व्यवस्था अजून नाही.

आत्याच्या दवाखान्यात आम्ही दुसरा प्रकार सुरू केला. प्रिंट, त्यावर पेनाने सही आणि शिक्का, शिवाय पीडीएफ पेशंटच्या मोबाईलवर.

हाताने लिहिलेलं काय वाईट होतं?

डॉक्टरांच्या अक्षरावर आपण विनोद करतो, पण त्यातून झालेले अपघात खरे आहेत. इंग्लंडमधलं १९८० च्या दशकातलं एक प्रकरण वैद्यकीय कायद्याच्या अभ्यासात आजही सांगितलं जातं. डॉक्टरांनी अमॉक्सिल हे अँटिबायोटिक लिहिलं होतं. दुकानदाराने ते डाओनिल असं वाचलं. डाओनिल हे मधुमेहाचं औषध आहे, ते रक्तातली साखर उतरवतं. पेशंटला मधुमेह नव्हताच. साखर इतकी उतरली की मेंदूला कायमची इजा झाली. कोर्टाने २५ टक्के जबाबदारी डॉक्टरांवर आणि ७५ टक्के दुकानदारावर टाकली. अक्षर वाईट होतं हे खरं, पण मात्रा आणि गोळ्यांची संख्या बघून दुकानदाराला शंका यायला हवी होती, असं कोर्टाचं म्हणणं होतं.

छोट्या खुणाही घात करतात. इन्सुलिनच्या 'युनिट'साठी नुसतं इंग्रजी यू अक्षर लिहिलं की ते शून्यासारखं दिसतं आणि १० चे १०० होऊ शकतात. १.० मधला टिंब पुसट झाला की तेही १० होतं.

म्हणूनच २०१६ मध्ये मेडिकल कौन्सिलच्या नियमांत बदल झाला. औषधं जेनेरिक नावाने, वाचता येतील अशी आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत, असं त्यात म्हटलं आहे. २०२५ मध्ये पंजाब आणि हरियाणा हायकोर्टाने तर वाचता येईल अशी चिठ्ठी मिळणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे असं सांगितलं.

टाईप केलेल्या चिठ्ठीने अक्षराचा हा प्रश्न सुटतो. आमच्याकडेही सुटला. पहिल्याच आठवड्यात शेजारचा मेडिकलवाला हसत म्हणाला, "मॅडम, आता चष्मा बदलायची गरज नाही."

दवाखान्यात बसवताना काय काय करावं लागतं?

मला वाटलं होतं सॉफ्टवेअर टाकायचं, प्रिंटर जोडायचा, संपलं. प्रत्यक्षात सॉफ्टवेअर टाकायला अर्धा तास लागला आणि बाकीच्या गोष्टींना दोन आठवडे.

औषधांची यादी: सॉफ्टवेअरमध्ये हजारो औषधं आधीच असतात. पण आत्या रोज वापरते ती साधारण दोनशे. ती वर दिसावीत म्हणून मी एक्सेलमध्ये यादी केली. नाव, घटक, ताकद आणि नेहमीचा डोस. हा शेवटचा रकाना लक्षात ठेवा.

पेशंटची माहिती: नाव, वय, लहान मुलांचं वजन, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का. हे भरलं तरच सॉफ्टवेअर इशारा देऊ शकतं. आमच्याकडे एक वेगळीच अडचण आली. घरात पाच माणसं आणि मोबाईल नंबर एकच. नंबर टाकला की यादीत पहिलं नाव सासऱ्यांचं यायचं, आणि घाईत सुनेची चिठ्ठी त्यांच्या नावावर निघायची. मग कंपाउंडर काकांना सांगितलं, नंबर टाकल्यावर पेशंटला नाव आणि वय विचारायचंच.

लाईट आणि नेट: पावसाळ्यात आमच्याकडे दोन्हीचा भरवसा नाही. म्हणून इन्व्हर्टर, मोबाईलचं हॉटस्पॉट आणि शेवटचा उपाय म्हणून जुनं कागदी पॅड टेबलावरच ठेवलं. लाईट गेली म्हणून पेशंटला परत पाठवता येत नाही.

वेळ: पहिल्या आठवड्यात नंबर लावून बसलेले लोक कुरकुरत होते. एका आजोबांनी आत्याला तोंडावर सांगितलं, "पूर्वी तुम्ही माझ्याकडे बघून बोलायचा, आता त्या टीव्हीकडे बघता." आत्याला ते लागलं. तेव्हापासून ती आधी पेशंटशी पूर्ण बोलते, तपासते आणि मगच स्क्रीनकडे वळते. तिसऱ्या आठवड्यापर्यंत हात बसला. जुन्या पेशंटची चिठ्ठी तर 'रिपीट' बटणाने क्षणात निघायला लागली. नेमका तेव्हाच तो फोन आला.

मग चूक झाली कशी?

आपल्याकडची चिठ्ठी तीन आकड्यांत लिहितात. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. सॉफ्टवेअरमध्येही हाच साचा होता. आता विचार करा, या साच्यात 'आठवड्यातून एकदा' लिहायचं कुठे? त्याला जागाच नाही. त्यासाठी 'किती वेळा' या दुसऱ्या रकान्यात जाऊन 'रोज' बदलून 'आठवड्यातून' करावं लागत होतं.

मी यादी करताना काम पटकन व्हावं म्हणून सगळ्या गोळ्यांना तो रकाना 'रोज' असाच भरून टाकला होता. बीपीच्या, थायरॉईडच्या, ॲसिडिटीच्या गोळ्यांना ते बरोबर होतं. मेथोट्रेक्सेटला ते घातक होतं. त्या आजींची गोळी मिरजेच्या स्पेशालिस्टने सुरू केलेली, आत्या फक्त पुढची चिठ्ठी द्यायची. कागदावर ती नेहमी 'फक्त सोमवारी १' असं लिहून त्याभोवती गोल करायची. त्या दिवशी तिने औषध निवडलं, १-०-० दिसलं, सकाळी एक हे बरोबरच होतं, आणि तिने सही केली. सॉफ्टवेअरने पुढे हिशोबही करून टाकला, ३० दिवस म्हणजे ३० गोळ्या. महिन्याला खरं तर ४ किंवा ५ गोळ्या लागतात.

चिठ्ठी स्वच्छ होती, सुवाच्य होती आणि चुकीची होती. वाईट अक्षर दिसलं की दुकानदार निदान फोन तरी करतो. छापलेल्या चिठ्ठीवर कुणालाच शंका येत नाही. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ई-प्रिस्क्रिप्शनने अक्षराच्या चुका जातात, पण निवडण्याच्या चुका येतात. त्या साधारण चार प्रकारच्या असतात:

– आधीच भरलेला डोस: आमच्याकडे झालं तसं.

– यादीतलं शेजारचं औषध: टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी घ्या. नाव टाईप केलं की खाली नुसती टेल्मिसार्टन, 'एच' लावलेली आणि 'एएम' लावलेली अशी सगळी एकाखाली एक येतात. 'एच'मध्ये लघवी वाढवणारं दुसरं औषध असतं, 'एएम'मध्ये ॲम्लोडिपिन. बोट एक ओळ घसरलं की औषध बदललं.

– रिपीट: मागच्या महिन्यात बंद केलेली गोळी जुन्या चिठ्ठीबरोबर परत येते.

– इशाऱ्यांचा कंटाळा: सॉफ्टवेअर इतक्या वेळा पिवळी पट्टी दाखवतं की माणूस न वाचता 'ओके' दाबायला लागतो. आपण मोबाईलवर अटी न वाचता 'मान्य आहे' दाबतो ना, अगदी तसंच.

त्या रात्री मी आणि आत्याने दोनशे औषधांची यादी एकेक करून पुन्हा तपासली. मेथोट्रेक्सेटचा आधीच भरलेला डोस काढून टाकला. आता वार निवडल्याशिवाय ती चिठ्ठी छापलीच जात नाही आणि प्रिंटवर ठळक मराठीत येतं, 'आठवड्यातून एकदाच, फक्त सोमवारी'. शिवाय आत्याने एक सवय लावून घेतली. सही करण्याआधी ती प्रिंट हातात घेऊन पेशंटला मोठ्याने वाचून दाखवते. अर्धं मिनिट जातं, पण त्या अर्ध्या मिनिटात पेशंट स्वतःच सांगतात, "डॉक्टर, ही तर तुम्ही मागच्या वेळी बंद केली होती."

कायदा काय सांगतो?

औषधांच्या नियमांप्रमाणे चिठ्ठी लेखी हवी, त्यावर डॉक्टरांची सही आणि तारीख हवी, पेशंटचं नाव-पत्ता, औषधाची एकूण मात्रा आणि डोस हवा. फोनवरून किंवा व्हिडिओ कॉलवरून तपासणीचे नियम २५ मार्च २०२० रोजी आले. त्यानुसार डॉक्टर सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो, स्कॅन किंवा ई-प्रिस्क्रिप्शन पेशंटला ईमेल किंवा मेसेजवर पाठवू शकतात. त्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असायलाच हवा.

पण कॉलवर सगळीच औषधं मिळत नाहीत. साधी औषधं कोणत्याही प्रकारच्या कॉलवर लिहिता येतात. काही औषधांसाठी पहिल्या वेळी व्हिडिओ कॉलच लागतो. काही फक्त जुन्या पेशंटला, त्याच आजारासाठी देता येतात. आणि शेड्युल एक्समधली तसंच अंमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारी औषधं कॉलवर लिहायला बंदीच आहे. कुणी "पाच मिनिटांत झोपेच्या गोळ्यांची ऑनलाईन चिठ्ठी" अशी जाहिरात करत असेल तर सावध व्हा.

सहीबद्दलही थोडं. पीडीएफवर चिकटवलेलं सहीचं चित्र म्हणजे डिजिटल सही नव्हे. डिजिटल सही म्हणजे फाईलमध्ये नंतर एक अक्षर जरी बदललं तरी कळेल असं गणिती कुलूप. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० ने इलेक्ट्रॉनिक सहीला मान्यता दिलेली आहे. आत्याकडे ती अजून नाही, म्हणून आम्ही प्रिंटवर पेनाने सही करतो. काही औषधांच्या, उदाहरणार्थ टीबीच्या आणि काही अँटिबायोटिक्सच्या विक्रीची नोंद दुकानदाराला वेगळ्या रजिस्टरमध्ये तीन वर्षं ठेवावी लागते. तेव्हा त्याने मूळ सहीची चिठ्ठी मागितली तर त्याच्याशी भांडू नका.

आभा आणि ई-संजीवनीचा यात काय संबंध?

आभा म्हणजे १४ अंकी आरोग्य खातं. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालं, त्याचा हा भाग. दवाखान्याचं सॉफ्टवेअर या मिशनशी जोडलेलं असेल तर तुमची चिठ्ठी तुमच्या आभाला जोडता येते आणि दुसऱ्या गावच्या डॉक्टरांना ती दाखवता येते. अर्थात तुम्ही ॲपमध्ये संमती दिली तरच. आभा काढणं ऐच्छिक आहे.

ई-संजीवनी ही सरकारची मोफत टेलिमेडिसिन सेवा आहे. घरून कॉल करा, डॉक्टर बोलतात आणि शेवटी ई-प्रिस्क्रिप्शन मिळतं. गावाकडे आजी-आजोबांना किरकोळ तक्रारीसाठी ती उपयोगी पडते.

चिठ्ठी आली की हे तपासा

१. नाव आणि वय: तुमच्याच माणसाचं आहे ना? एका नंबरवर अख्खं घर असेल तर हे आधी बघा.

२. घटकाचं नाव: चिठ्ठीतलं नाव आणि पाकिटाच्या मागचं बारीक अक्षरातलं नाव जुळवा. ब्रँड वेगळा असू शकतो, पण घटक आणि मिलिग्रॅम तेच हवेत. नावामागची 'एच', 'एएम', 'एसआर', 'फोर्ट' अशी शेपटीही जुळायला हवी.

३. किती वेळा: ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तरच. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी असेल तर वार लिहिलेला आहे का बघा.

४. संख्या: रोजच्या गोळ्या आणि दिवस यांचा गुणाकार करा आणि तो एकूण गोळ्यांशी जुळवा. नेहमी ४ गोळ्या येतात आणि आज ३० आल्या, तर थांबा.

५. मागची चिठ्ठी: दोन्ही पीडीएफ उघडा. काय नवीन आलं, काय गेलं, डोस कुठे बदलला? डॉक्टरांनी तसं तोंडी सांगितलं होतं का?

६. शंका आली तर गोळी देण्याआधी फोन: डॉक्टरांना किंवा मेडिकलवाल्याला. गुगलवर वाचून स्वतः डोस बदलू नका, चालू असलेली गोळी स्वतःहून बंदही करू नका.

आणखी एक गोष्ट. चिठ्ठी फॅमिली ग्रुपवर टाकू नका. नुसत्या औषधांच्या नावांवरून आजार कळतो आणि एकदा फॉरवर्ड झालेली फाईल परत येत नाही. मेडिकलवाल्याला पाठवायची तर त्याच्या एकट्याच्या नंबरवर पाठवा. अनोळखी नंबरवरून 'तुमचं प्रिस्क्रिप्शन इथे बघा' अशी लिंक आली तर उघडू नका. आधी दवाखान्यात फोन करून विचारा.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मग कागदच बरा होता. मला तसं वाटत नाही. कागदावरची ती चिठ्ठी आजींच्या पिशवीत घडी होऊन पडली असती आणि नातवाच्या हाती कधी आलीच नसती. ती मोबाईलवर आली, वाचता येण्यासारखी होती, म्हणूनच त्याला चूक दिसली. आत्याने, मी, सॉफ्टवेअरने आणि दुकानदाराने, चौघांनीही जे पाहिलं नाही ते त्याने पाहिलं, कारण आजी गोळी सोमवारी घेते हे त्याला माहीत होतं.

तुमच्या घरात कोण कोणती गोळी कधी घेतं, हे तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर आज रात्री जेवण झाल्यावर आजीच्या गोळ्यांचा डबा आणि मोबाईलवरची चिठ्ठी घेऊन तिच्याजवळ बसा. एकेक ओळ मोठ्याने वाचा. दहा मिनिटांचं काम आहे.